घरचं अन्न सीमेवर अडतं, कृती अडत नाही

कुत्र्याला घेऊन परदेशी जाताना त्याच्यासाठी शिजवलेल्या भाताचा आणि कोंबडीचा डबा विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीतून पार झाला की बहुतेकांना वाटतं, सुटलो. पण ती तपासणी विमानात काय चढतंय याची असते. देशात काय उतरतंय हे बघणारा माणूस वेगळा, तो प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो, आणि त्याला डब्यात स्फोटक आहे का यात रस नसतो. त्याला विचारायचं असतं एवढंच: यात मांस, दूध, अंडं आहे का, आणि ते कुठल्या जनावराचं, कुठल्या देशातलं?

दुसरा गैरसमज कागदपत्रांचा. मायक्रोचिप, रेबीजची लस, रक्ताची तपासणी, आरोग्य प्रमाणपत्र हे सगळं प्राण्यासाठी आहे. त्यातला एकही कागद त्याच्या जेवणाला लागू होत नाही. प्राणी रीतसर आत गेला आणि त्याचा डबा कचऱ्यात गेला, असं होऊ शकतं आणि होतंही.

सरळ सांगायचं तर मांस, दूध किंवा अंडं असलेलं घरी केलेलं खाद्य कडक नियमांच्या देशांत नेता येत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नाही, व्हॅक्यूम पॅक केलं तरी नाही, वाळवून जर्की केली तरी नाही. नेता येते ती कृती, आणि तिच्यासोबत लागणारी काही सप्लिमेंट (कॅल्शियमसारखी पूरक पोषकं). तयारी त्या दिशेनेच करावी, डबा लपवायच्या दिशेने नव्हे.

अधिकाऱ्याला नेमकं काय खटकतं?

विकत घेतलेल्या पाकिटावर उत्पादकाचं नाव असतं, घटक असतात, कुठे बनलं ते असतं. त्यावरून अधिकारी नियमपुस्तकात बघू शकतो. घरच्या डब्यावर काहीच नसतं. 'दोन तास शिजवलंय' हे तुमचं म्हणणं खरं असेलही, पण ते पडताळायला त्याच्याकडे काही साधन नाही. त्यामुळे तो सर्वांत वाईट शक्यता धरून चालतो, आणि त्याच्या जागी बसलं तर ते बरोबरच आहे.

शिजवल्यावर विषाणू मरतात ना, हा प्रश्न नेहमी येतो. आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या रोगाचा विषाणू मांसाच्या गाभ्यात ७० अंश सेल्सिअस ३० मिनिटं मिळाले तर नष्ट होतो. घरचा कुकर हे बहुधा सहज करतो. पण 'बहुधा' हा शब्द सीमेवर चालत नाही. गोठवणं तर उलट काम करतं: थंडीत हा विषाणू टिकून राहतो, म्हणजे फ्रीझरमधला कच्चा खिमा ताज्या खिम्याइतकाच धोक्याचा. गाई-म्हशींच्या मांसाबाबत आणखी एक अडचण आहे. 'मॅड काऊ' रोगाला कारण होणारे प्रायॉन (विकृत प्रथिनं) साध्या शिजवण्याने नष्ट होतच नाहीत.

आणि एक डबा एवढं काय करणार, असं वाटत असेल तर २००१ साल आठवावं. ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची जी साथ आली, तिचा माग एका डुक्करपालन केंद्रापर्यंत गेला. तिथे डुकरांना खरकटं नीट न उकळता घातलं जात होतं. साथ आटोक्यात आणताना साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. कुत्र्याने अर्धवट सोडलेलं जेवण शेवटी कुठे जातं? कचऱ्यात. तिथून रानडुक्कर, कावळे, भटकी जनावरं. सीमेवरचा नियम तुमच्या कुत्र्याच्या पोटाबद्दल नाही, त्या उरलेल्या खरकट्याबद्दल आहे.

युरोपातलं २ किलोचं गणित

युरोपीय संघाच्या २०१९/२१२२ या नियमानुसार बाहेरच्या देशांतून प्रवाशाच्या सामानात मांस आणि दूध, व त्यांचे पदार्थ आणता येत नाहीत. त्याला मोजके अपवाद आहेत, आणि त्यातला एक आपल्या कामाचा: प्रकृतीच्या कारणासाठी लागणारं खास पाळीव प्राण्यांचं खाद्य, माणशी २ किलोपर्यंत. पण अटी वाचा. उघडण्यापूर्वी फ्रिजमध्ये ठेवावं लागू नये, थेट ग्राहकाला विकलं जाणारं ब्रँडचं पाकीट हवं, आणि ते फोडलेलं नसावं (सध्या त्यातूनच खायला घालत असाल तर उघडलेलं चालतं). घरच्या अन्नात यातली एकही अट बसत नाही. मूत्रपिंडाच्या किंवा स्वादुपिंडाच्या आजारासाठी पशुवैद्याने दिलेल्या पाकीटबंद खाद्याला या अटी बसतात, आणि इथे चिठ्ठी उपयोगी पडते. चिठ्ठी घरच्या अन्नाला पाकिटात बदलत नाही. 'हे पाकीट प्रकृतीसाठीच आहे' एवढं मात्र दाखवते.

२ किलो किती दिवस पुरतात हे मोजून घ्यावं, कारण कोरडं आणि ओलं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विश्रांतीला लागणारी ऊर्जा काढायची रीत अशी: वजनाचा (किलोत) ०.७५ घात, गुणिले ७०. १० किलोच्या कुत्र्यासाठी ते सुमारे ३९४ किलोकॅलरी येतं. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला त्याच्या १.६ पट, म्हणजे दिवसाला सुमारे ६३०. कोरड्या खाद्यात ग्रॅममागे साधारण ३.६ किलोकॅलरी धरल्या तर रोज १७५ ग्रॅम लागतात आणि २ किलो ११ दिवस पुरतात. डबाबंद ओल्या खाद्यात ग्रॅममागे जेमतेम १ किलोकॅलरी असते. तेच २ किलो तीन दिवसांत संपतात. घरच्या जेवणात साधारण १.३ धरा, म्हणजे रोज ४८५ ग्रॅम, आठवड्याचे जवळजवळ साडेतीन किलो. परवानगी असती तरी बॅगेत मावलं नसतं! ४ किलोच्या मांजराला २४० किलोकॅलरी पुरतात, त्यामुळे तिचं कोरडं पाकीट महिनाभर जातं. मांजरवाल्यांचं हे एक बरं असतं.

संघाच्या आत एका देशातून दुसऱ्यात गाडीने जाताना हा नियम आड येत नाही. ब्रिटन मात्र वेगळं. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमधून युरोपात जाताना मांस-दुधाला बंदी आहे. आणि युरोपात लाळ्या-खुरकुत पुन्हा दिसल्यावर १२ एप्रिल २०२५ पासून ब्रिटननेही संघातून येणाऱ्या प्रवाशांना गाय, मेंढी, शेळी आणि डुक्कर यांचं मांस व दूध आणायला मनाई केली. पाकीटबंद असो की विमानतळावरच्या दुकानातून घेतलेलं असो. जुन्या अनुभवावर विसंबू नये असं म्हणतात ते यासाठीच. साथ आली की नियम एका रात्रीत बदलतो, म्हणून निघण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या कृषी किंवा कस्टम्स खात्याचं पान पुन्हा एकदा वाचायचं.

बाकीचे देश थोडक्यात

जपानमध्ये मांसाचे पदार्थ मूळ देशाच्या तपासणी प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, आणि त्यात कुत्र्यांची जर्कीसुद्धा धरली जाते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ३० लाख येनपर्यंत दंड अशी आहे. तैवान आफ्रिकन स्वाइन फीव्हर असलेल्या भागातून डुकराचं मांस आणणाऱ्याला पहिल्याच खेपेला २ लाख तैवानी डॉलर दंड करतं. न्यूझीलंडमध्ये जाहीर न केलेल्या खाण्यासाठी जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर आकारले जातात. ऑस्ट्रेलियात दंड तर आहेच, शिवाय व्हिसा रद्द होऊ शकतो. तिथे नेत असाल तर अन्नाचा विचार आधीच सोडून द्या: प्राणी मेलबर्नजवळच्या मिकलहॅमच्या क्वारंटाईन केंद्रात जातो आणि तिथलंच खातो. जेवण बदलायची तयारी घरूनच करून न्यावी लागते.

अमेरिकेत सगळं अन्न जाहीर करावं लागतं. न केल्यास पहिल्या वेळी १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेतून कॅनडात जाणाऱ्यांना थोडी मोकळीक आहे: माणशी २० किलोपर्यंत खाद्य, पण ते अमेरिकेत बनलेलं, दुकानातल्या पाकिटातलं आणि प्राणी सोबत असताना. पुन्हा तेच, दुकानातलं पाकीट. घरचा डबा तिथेही बाहेर.

मधल्या विमानतळाची खोच

प्रवास सरळ नसेल तर कुठल्या देशाचा नियम लागू होईल हे सामान कुठे तपासलं जातं त्यावर ठरतं. अमेरिकेत सहसा पहिल्याच विमानतळावर चेक-इन केलेली बॅग ताब्यात घेऊन कस्टम्समधून काढावी लागते, पुढचं विमान तिसऱ्या देशाचं असलं तरी. युरोपीय संघात बाहेरून येऊन आतल्याच दुसऱ्या शहरात जायचं असेल तर हातातल्या सामानाची तपासणी संघातल्या पहिल्या विमानतळावर होते आणि चेक-इन बॅगेची शेवटच्या. म्हणजे हातातला डबा पहिल्याच थांब्यावर जाईल. उरलेला प्रवास कुत्र्याने काय खायचं, याचं उत्तर आधी तयार हवं.

मांस नसेल तर?

शिजवलेला भात, भोपळा, गाजर, डाळ अशा निव्वळ वनस्पतिजन्य जेवणाला रोगाच्या कारणाने होणारा विरोध बराच कमी असतो. तरीही जाहीर करावंच लागतं, आणि कच्चे दाणे, कच्चा तांदूळ, कच्च्या भाज्या नकोतच. त्यांत किडी आणि त्यांची अंडी येतात. निरोगी प्रौढ कुत्र्याला असं जेवण दोन-तीन दिवस दिलं तर काही बिघडत नाही. मांजराला नाही. मांजर पक्की मांसाहारी आहे, आणि तिला नवं अन्न आवडलं नाही तर ती सरळ उपाशी बसते. मांजर दोन-तीन दिवस काहीच न खाता राहिलं तर त्याला, विशेषतः ते जाडजूड असेल तर, यकृताचा गंभीर त्रास होऊ शकतो. तिच्यासाठी चालणारं पाकीटबंद खाद्य शोधून ठेवणं हाच मार्ग.

युरोपीय संघात माशांना २० किलोपर्यंत सवलत आहे हे खरं. पण भात, मासा आणि चमचाभर कोंबडीचं तेल असं एकत्र केलं की तो मासा राहत नाही, मांसाचा पदार्थ होतो.

लक्षात न येणाऱ्या गोष्टींवरच लोक सापडतात. अंड्याच्या टरफलाची पूड, हाडांची पूड, डुकराचे कान, चघळायची कातडी, खुराचे तुकडे, जॅकेटच्या खिशात उरलेल्या दोन बिस्किटांचा चुरा. तपासणीच्या कुत्र्याला खिसा आणि बॅग सारखेच. मागच्या सहलीची बॅग वापरणार असाल तर आतून उलटी करून झटका.

कृती नेताना

पहिलं काम पशुवैद्याकडून किंवा प्राण्यांच्या आहारतज्ज्ञाकडून कृती ग्रॅममध्ये लिहून घेणं. 'एक वाटी', 'मूठभर' परक्या स्वयंपाकघरात उपयोगाचं नाही. वाटी तिथे वेगळी असते. मांस कच्चं मोजायचं की शिजवून, हेही लिहा. कोंबडी शिजल्यावर वजनात साधारण पंचवीस ते तीसेक टक्क्यांनी घटते, त्यामुळे इथे घोळ झाला तर रोजच्या प्रथिनांचा हिशेबच चुकतो. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा सोबत ठेवा.

मग सप्लिमेंट. हाडाविना मांस आणि भात या जेवणात कॅल्शियमची मोठी तूट असते. प्रौढ कुत्र्याला १,००० किलोकॅलरीमागे किमान १.२५ ग्रॅम कॅल्शियम हवं. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम असतं, त्यामुळे आपल्या ६३० किलोकॅलरीच्या कुत्र्याला रोज साधारण २ ग्रॅम पूड, दहा दिवसांना २० ग्रॅम. घरी टरफलाची पूड वापरत असाल तर प्रवासापुरतं खनिज कॅल्शियम कार्बोनेटवर या: काम तेच, आणि प्राणिजन्य नसल्याने वाद नाही. पिल्लांना आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना हा हिशेब लावू नका, त्यांचा वेगळा असतो.

मांजराच्या कृतीत टॉरिन (मांसातून मिळणारं, मांजराला अत्यावश्यक पोषक) असतंच. ते पाण्यात विरघळतं, म्हणून मांस उकळून पाणी ओतून दिलं तर मांसातलं टॉरिन त्याच्याबरोबर जातं. ते पाणी जेवणातच घाला. टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय आणि डोळ्यांचा पडदा दोन्ही खराब होतात.

ही सप्लिमेंट मूळ बाटलीत, लेबलासकट न्या. रोजच्या मात्रेच्या छोट्या झिप पिशव्या करणं सोयीचं वाटतं, पण लेबल नसलेल्या पांढऱ्या पुडीचं स्पष्टीकरण देत विमानतळावर उभं राहायची हौस कुणाला नसावी. माशाच्या तेलाची मोठी बाटली हातातल्या सामानात १०० मिलिलिटरच्या मर्यादेत अडकते. ती चेक-इन करा किंवा तिथे पोचून घ्या. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन प्राणिजन्य, म्हणून तीही जाहीर करायच्या यादीत.

तिथे मांस घेताना चरबीचं प्रमाण बघा. एकाच नावाच्या खिम्यात ५ टक्के चरबी असते आणि २० टक्केही. स्वादुपिंडाचा त्रास झालेल्या कुत्र्याला हा फरक दवाखान्यात नेऊ शकतो. कोंबडी कातडीविना घ्या, गाभा ७४ अंशांपर्यंत शिजवा. चव यावी म्हणून तयार स्टॉक किंवा क्यूब टाकायचा मोह टाळा: त्यात कांदा, लसूण आणि बरंच मीठ असतं. पीनट बटर घेतलंत तर घटकांत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना बघा, कुत्र्यांना ते थोडंसुद्धा विषारी.

दोन्ही टोकांमधले दिवस

उतरल्या उतरल्या कुणी स्वयंपाक करत नाही. म्हणून पाकीटबंद खाद्याचा दोन-तीन दिवसांचा पूल लागतो, आणि तो पूल पोटाला ओळखीचा हवा. निघण्याच्या दोन आठवडे आधी सुरुवात करा: पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग अर्धं, मग पाऊण. आठवड्याने पूर्ण नव्यावर दोन दिवस ठेवून शी बघा. घट्ट असेल तर ते खाद्य चालतं. मग परत घरच्या जेवणावर आलात तरी हरकत नाही. अडचण नेमकी इथे होते: लोक नवं पाकीट विमानतळावर फोडतात, प्रवासाचा ताण आणि नवं अन्न एकत्र येतं, आणि जुलाब हॉटेलच्या गालिच्यावर. जे पाकीट निवडाल ते मुक्कामाच्या देशात विकलं जातं का तेही बघा. मिळत असेल तर बॅगेत न्यायची गरजच उरत नाही.

सीमेपर्यंतचं अंतर लांब असेल, गाडीने दिवसभर जायचं असेल, तर तिथवर घरचंच देता येतं. दोन सेंटिमीटर जाडीची चपटी पाकिटं करून, एकेका जेवणाची, पूर्ण गोठवा. चपटं पाकीट लवकर गोठतं आणि हवं तेव्हा लवकर सुटतंही. इन्सुलेटेड पिशवीत बर्फाच्या पॅकमध्ये ठेवा. पाकिटाच्या मध्यभागी बर्फाचे कण जाणवताहेत तोवर निश्चिंत. सुटलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, उन्हाळी गाडीत तर एकच तास. विमानाने जात असाल तर अमेरिकेच्या तपासणीत जेल पॅक दगडासारखा घट्ट हवा. अर्धवट वितळलेला द्रव धरला जातो. ओलं, रश्शाचं खाद्यही द्रवाच्याच नियमात. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) माणशी २.५ किलोपर्यंत, तेही एअरलाइनची परवानगी घेऊन आणि वायू बाहेर पडेल अशा खोक्यात. पण प्राणी त्याच विमानाच्या खालच्या कप्प्यात असेल तर ड्राय आइस नकोच: त्याचा वायू होऊन तळाशी साचतो, आणि पिंजरा तळाशीच असतो.

विमानाआधीचं जेवण हलकं आणि चार-सहा तास आधी. पाणी चालू ठेवा. गाडीच्या प्रवासात सीमेपूर्वीच्या शेवटच्या थांब्यावर उरलेलं खायला घाला किंवा टाकून द्या, डबा साबणाने धुऊन पुसा. रस्सा सुकलेला डबा म्हणजे रस्साच. पिंजऱ्याच्या वर टेपने लावलेली खाद्याची पिशवी हमखास विसरली जाते: वाटेत घालायला ती लागते, पण उतरल्यावर तीही तुमच्या सामानातच मोजली जाते. त्यात पाकीटबंद कोरडं खाद्यच भरा, आणि लेबलाचा तुकडा आत टाका.

तरीही काही उरलं, तर कस्टम्सच्या लाल (सामान जाहीर करायच्या) मार्गाने जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: 'माझ्याकडे कुत्र्याचं शिजवलेलं अन्न आहे, त्यात कोंबडी आहे.' घटक, वजन, कधी शिजवलं, हे एका कागदावर तिथल्या भाषेत लिहिलेलं असेल तर काम दोन मिनिटांचं. स्वतःहून दिलेलं अन्न सहसा फक्त जप्त होतं. दंड होतो तो न सांगितल्याचा. काही विमानतळांवर तपासणीच्या अलीकडे टाकून द्यायच्या पेट्या असतात. त्या ओलांडल्यावर मात्र फॉर्मवर जे लिहिलंय तेच तुमचं म्हणणं.

परतीला हेच सगळं उलट्या बाजूने. तिथे शिजवून उरलेलं, तिथल्या दुकानातली चघळायची हाडं, अर्धं फोडलेलं पाकीट हे आता मायदेशाच्या नियमांत येतं, आणि तो नियम जाताना कुणी वाचलेला नसतो.